घोड्याच्या बाई

डॉ. वसुधा खांबेटे हे नाव महाळुंग्यात किंवा चाकणच्या आसपासच्या वस्त्यांवर सांगून कुणाला कळलं नसतं. ‘घोड्याच्या बाई’ म्हटलं की मात्र कुणीही हात करून सांगायचं, ‘आत्ताच गेल्या की, त्या पांढऱ्या व्हॅनमधून.’ ती व्हॅन एके काळी पांढरी होती. चाकणच्या कंपन्यांची धूळ आणि बाईंचा कंटाळा या दोन्हींमुळे ती पुढे कोणत्याच रंगाची राहिली नाही.

घोडं बघायला गेल्यावर बाई आधी घोड्याकडे जातच नसत. तबेल्यात एखादी पालथी बादली शोधायच्या, तिच्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, ‘ह्याला काहीतरी खायला टाका.’ मालक घाईत असायचा. तो पाय दाखवायचा, पाठ दाखवायचा, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुढे करायचा. बाई म्हणायच्या, ‘हो, हो. आधी त्याला जेवू दे.’ मग घोडं मान किती खाली नेतं, कोणत्या बाजूचा घास आधी ओढतं, चावता चावता मध्येच थांबतं का, हे त्या बघत बसायच्या. नवख्या मालकाला वाटायचं, बाई विश्रांती घेतायत. ते अगदीच खोटं नव्हतं.

माझा दवाखाना आकुर्डीत, स्टेशनच्या बाजूला. मी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर. बाई माझ्याहून पुष्कळ मोठ्या. तरुणपणी त्यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या पैदास-केंद्रावर नोकरी केली होती. लग्नानंतर इकडे आल्या आणि वरातीच्या घोड्या, सोसायट्यांजवळ निघालेल्या रायडिंग स्कूलची घोडी, शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांपुढे पळणाऱ्या घोड्या, असं जे मिळेल ते बघू लागल्या. माझ्याकडे उचलून नेता येईल असं एक्स-रे मशीन होतं आणि सोनोग्राफीचंही एक लहान मशीन होतं. त्यामुळे त्यांना मी लागायचो. शिशाचा एप्रन घालून घोड्याच्या मानेशी प्लेट धरून उभं राहणं, ही माझी त्यांच्या आयुष्यातली भूमिका.

त्यांच्या घरी मिस्टर अंथरुणावर होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. दिवसा एक मावशी यायच्या, रात्र बाईंची. रात्रीत उठून त्यांची कूस बदलायची, पाणी द्यायचं, पुन्हा आडवं व्हायचं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा औषधं पोचवायला घरी गेलो तेव्हा कळलं. मिस्टर मोठ्या कंपनीत सुपरवायझर होते, माणूस एकेकाळी धिप्पाड असणार. बाई त्यांना खांद्याखाली हात घालून उचलत होत्या आणि घोड्याशी बोलतात त्याच आवाजात म्हणत होत्या, ‘चला, थोडंसं. झालं, झालं.’

फोटो या गोष्टीचा बाईंना कंटाळा होता. फोटो म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, जे काही चित्र मशीनमधून निघतं ते सगळं. कंटाळा त्या विद्येचा नव्हता. ती विद्या त्यांना आमच्या पिढीपेक्षा चांगली येत होती. लोकांच्या फोटोवरच्या श्रद्धेचा त्यांना कंटाळा होता. ‘हल्ली कुणाला दुखणं कळायला नको असतं रे,’ त्या म्हणायच्या, ‘दुखण्याचा फोटो हवा असतो.’ कुणी ‘एमआरआयच करू ना’ म्हटलं की त्या विचारायच्या, ‘काढू. पण त्यात अमुक दिसलं तर तुम्ही काय करणार, आणि नाही दिसलं तर काय करणार? दोन्हीला उत्तर एकच असेल तर कशाला त्याला त्रास?’ बरेच मालक या प्रश्नावर फोटोचा हट्ट सोडायचे. काही चिडायचे.

मोशीला एका रायडिंग स्कूलमध्ये प्रिन्स नावाचा घोडा होता. डावीकडे वळायला तयार नसायचा, खोगीर घातलं की मान ताठ करायचा. ती शाळा चालवणारे गृहस्थ आयटीतली नोकरी सोडून आलेले, वाचलेले, हुशार. त्यांनी मानेचा आजार असणार असं ठरवूनच ठेवलं होतं. बाईंनी गाजर हातात धरून घोड्याला एकदा डाव्या कुशीकडे, एकदा उजव्या कुशीकडे मान वळवायला लावली. वळवत होता. तरी गृहस्थांचं समाधान होईना, म्हणून एक्स-रे काढला. आणि नेमकं त्यात मानेच्या एका सांध्यावर हाड वाढलेलं दिसलं. गृहस्थ म्हणाले, ‘बघा! मी म्हणत नव्हतो?’

‘आहे खरं,’ बाई म्हणाल्या. ‘पण या वयात पुष्कळ घोड्यांच्या मानेत हे दिसतं. दिसलं म्हणजे दुखतंय असं नाही. माझ्या मानेचा काढलात तर माझ्याही दिसेल.’

मग त्यांनी खोगीर उलटं करून हात फिरवला. आतली गादी एका बाजूला बसली होती आणि घोड्याच्या खांद्यामागे चिमटा बसत होता. खोगीर बदललं, घोडा वळू लागला. पण गृहस्थांनी तो एक्स-रे जपून ठेवला आणि पुढे घोडा विकताना ‘मानेचा पेशंट’ म्हणूनच विकला. बाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘आपणच काढला ना फोटो. आता तो त्याच्या गळ्यात.’

या सावधपणाचं मूळ कुठे आहे ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलर आडवा झाला होता आणि आम्ही व्हॅनमध्ये अडकून पडलो होतो. थर्मासमधला चहा संपला होता. मी सहज म्हणालो, मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला असेल तर भूल देऊन, रंगद्रव्य घालून फोटो काढणं हीच खरी पक्की तपासणी ना?

बाई समोरच्या ट्रेलरकडे बघत म्हणाल्या, ‘पक्कीच. मी केली आहे. पैदास-केंद्रावर असताना. तीन वर्षांचा घोडा होता, काळाभोर. मागचे पाय लटपटायचे. मीच हट्ट धरला, कळलं पाहिजे म्हणून. भूल दिली, फोटो काढला. रज्जू कुठे दबलाय ते असं स्वच्छ दिसत होतं की पुस्तकात छापावं.’

‘मग?’

‘मग भूल उतरली. ज्याचे पाय आधीच त्याच्या ताब्यात नाहीत, त्याला भुलीतून उठून उभं राहायचं होतं. उठला, पडला. उठला, पडला. तिसऱ्यांदा भिंतीवर गेला आणि मागचा पाय मोडला. फोटो फार सुंदर आला होता, पराग.’

मागून हॉर्न वाजायला लागले. आम्ही पुढे सरकलो. तो विषय पुन्हा निघाला नाही.

महाळुंग्याच्या पोपटरावांची घोडी सगुणा बाईंकडे आली ती या सगळ्यानंतर. पोपटराव गावातले जुने शेतकरी. त्यांच्या शेतांवर आता कंपन्यांच्या शेड उभ्या होत्या. घर उरलं होतं, घरापुढचं अंगण उरलं होतं, आणि अंगणाला लागून कंपनीची कंपाउंड भिंत. त्या भिंतीच्या सावलीत सगुणा बांधलेली असायची. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, उंचीने फार नाही पण छातीने भरलेली. यात्रेच्या शर्यतीत घाटावर बैलं सुटली की त्यांच्यापुढे घोडी पळवायची असते. सगुणा पळायला लागली की बैलंसुद्धा जास्त ओढतात, असं आसपासच्या गावांत म्हणत. तिच्यावर बसायचा पोपटरावांचा मुलगा संतोष. तो एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता, घरी बायको आणि लहान मुलगी.

‘बाई, घोडी मान खाली घालंना,’ पोपटरावांनी सांगितलं. ‘घास भुईवर टाकला तर पुढचा पाय फाकून खाती. गव्हाणीत टाकला तर खाती नीट. आन परवा उतारावर ठेचकाळली.’

बाई बादलीवर बसल्या. सगुणाचं खाणं पाहिलं. मग तिला चालवलं, लहान गोलात फिरवलं, डोकं उंच धरून उतारावरून नेलं. गोलात फिरताना तिचा बाहेरचा मागचा पाय उगाच लांब वळसा घेत होता. बाईंचा चेहरा तेव्हाच बदलला. मला त्या हळूच म्हणाल्या, ‘मानेच्या मुळाशी काहीतरी आहे. बघू या.’

संतोष म्हणाला, ‘मॅडम, डायरेक्ट सीटी स्कॅनच करू ना. सासऱ्यांचं केलं तेव्हा लगेच कळलं. कुठं न्यायचं सांगा, टेम्पो बोलावतो.’

बाईंनी त्याला बसवलं आणि नीट सांगितलं. त्यांचा स्वर दमलेला असायचा, पण समजावताना त्या कधी कंटाळल्याचं मी पाहिलं नाही. ‘सीटीच्या मशीनला मधे गोल भोक असतं ना? सगुणाचं डोकं त्यात जाईल. मानेचा वरचा भागही जाईल. पण मला बघायचाय तो भाग इथं, खांद्याच्या आत. खांदा त्या भोकात जात नाही. एवढं मोठं मशीन आपल्या इकडे मला माहीत नाही. मग आपण लांबवर नेऊन, भूल देऊन, तिच्या मानेचा चांगला भाग बघून परत यायचं का?’

‘मग करायचं काय?’

‘उभ्या घोडीचा एक्स-रे. जेवढं दिसेल तेवढं. मग सोनोग्राफी.’

मी प्लेट धरली. मधल्या मणक्यांचे फोटो स्वच्छ आले. खांद्याशी आल्यावर माझ्या मशीनची ताकद संपली. तिथलं मांस एवढं जाड की चित्र धुरकट यायचं. बाईंनी कोन बदलून, तिरपं धरून पुन्हा पुन्हा काढायला लावलं. शेवटी शेवटच्या सांध्याची एक आकृती मिळाली, नको तितकी फुगलेली. सोनोग्राफीत त्या सांध्याची कड खडबडीत दिसली.

पोपटराव स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘म्हंजी तेच हाय का?’

‘बहुतेक.’

‘बहुतेक म्हंजी? पक्कं सांगा की, बाई.’

‘पक्कं करायचं तर तिला आडवी पाडून, भूल देऊन तपासावं लागेल. आणि आडवी पडलेली ही घोडी पुन्हा उठेल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.’

पोपटराव भिंतीकडे बघत राहिले. पलीकडे कंपनीत प्रेस मशीनचा ठोका चालू होता. ‘ऱ्हाऊ द्या मंग,’ ते म्हणाले.

बाईंनी सोनोग्राफीत बघत बघत त्या सांध्यात सुई घातली, औषध सोडलं. गव्हाण उंच ठेवायला सांगितली. विश्रांती सांगितली. निघताना संतोषला बजावलं, ‘दुखणं कमी होईल. आजार जाणार नाही. तिच्यावर बसायचं नाही.’

औषध लागू पडलं, आणि तिथेच खरी अडचण झाली. सगुणा भुईवरचं खाऊ लागली, मान हलवू लागली, कुणी आलं की खिंकाळू लागली. एक दिवस बाई माझ्या दवाखान्यात असताना त्यांच्या फोनवर संतोष आनंदाने सांगत होता, ‘मॅडम, एकदम ओके झाली घोडी! यात्रेला काढतोय. तुम्ही यायचं शर्यतीची बारी बघायला.’

बाईंनी फोन ठेवला. त्या दिवशी मिस्टरांना ताप होता, मावशी लवकर जाणार होत्या. बाई थोडा वेळ डोळ्यांवर हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, ‘चल.’

आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. अंगणात पोपटरावांनी सगुणाला खरारा करून चकचकीत केली होती. संतोष दुसऱ्या शिफ्टच्या तयारीत, कंपनीचा शर्ट घालून उभा.

‘पोपटराव, ही पळायची नाही,’ बाई म्हणाल्या.

‘बघा की तिच्याकडं. काय झालंय तिला? तुमच्याच औषधानं बरी झाली.’

‘दुखायची थांबली. बरी नाही झाली.’

‘फोटोत तर धुरकट होतं, तुमीच म्हणला. पक्कं न्हाई म्हणला. आन आता पक्कं म्हणताय?’ त्यांचा आवाज चढला. ‘बाई, जमीन गेली. बैलं गेली. ही तेवढी ऱ्हायली. गावाच्या यात्रंला माझी घोडी न्हाई, हे मी कुणाला सांगू?’

त्यांचं चूक नव्हतं. बाईंकडे दाखवायला चित्र नव्हतं. मी बॅगेतून लॅपटॉप काढू लागलो, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

‘संतोष, इकडे ये,’ त्या म्हणाल्या. ‘पोपटराव, तुम्ही तिला सरळ चालवत न्या. सावकाश. संतोष, तू बाजूनं चाल आणि तिची शेपटी धरून स्वतःकडे ओढ. जोर नको.’

‘लाथ मारेल की.’

‘नाही मारणार. मी आहे.’

पोपटराव नाइलाजाने निघाले. संतोषने शेपटी धरली आणि ओढली. धडधाकट घोडं अशा वेळी अंग आखडतं, माणसालाच ओढून नेतं. सगुणाचा सबंध मागचा भाग त्याच्याकडे आला, दार ढकलल्यावर यावं तसा. तिने पाय कुठे टाकावा हे तिलाच कळेना. पाय पायात अडकला, गुडघा वाकला, कशीबशी सावरली. संतोष घाबरून मागे सरकला. मग स्वतःच म्हणाला, ‘अण्णा, परत चालवा.’ त्याने पुन्हा ओढलं, या वेळी एका हाताने, अगदी हलकेच. पुन्हा तेच.

तो शेपटी हातात धरून तसाच उभा राहिला.

‘घाटावर तू वर असशील,’ बाई म्हणाल्या. ‘मागे बैलं असतील.’

दारात संतोषची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. संतोषने शेपटी सोडली, शर्टाला हात पुसले.

‘अण्णा, मी न्हाई बसणार.’

‘दुसरा बसवंन मी.’

‘कुणालाच न्हाई बसवायचं. त्यालाबी घरदार असंल ना?’

पोपटरावांनी दोरी भुईवर टाकली आणि घरात गेले. सगुणा जिथल्या तिथे उभी राहिली. बाईंनीच दोरी उचलून तिला बांधली.

यात्रेत त्या वर्षी दुसऱ्याची घोडी पळाली. पोपटरावांनी चाकणपर्यंत सांगितलं की घोड्याच्या बाईने चांगली घोडी बसवून ठेवली. घाटातल्या लोकांनी बाईंना बोलावणं जवळजवळ बंद केलं. बाईंनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मी चिडून बोललो तर म्हणाल्या, ‘जाऊ दे रे. पोरगं शिफ्टला जातंय ना रोज?’ एकदा मात्र, मी मशीन पुसत असताना, मागून अचानक म्हणाल्या, ‘माझं चुकलंही असेल, पराग. नुसता सांधा असेल, रज्जू दबला नसेल. पळाली असती कदाचित आणखी दोन वर्षं.’ मी वळून पाहिलं तर त्या औषधांचं कपाट लावत होत्या.

पोपटरावांनी घोडी विकली नाही. वरातीसाठी मागणी आली होती, तीही परतवली. पुढच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. सकाळपासून सगुणा आडवी होती, उठत नव्हती.

आम्ही गेलो. तिने उठायचा प्रयत्न केला होता, मातीत पायांचे ओरखडे होते. पुढचे पाय टेकत होती, मागचे येत नव्हते. बाई तिच्या डोक्याशी बसल्या, बराच वेळ. पोपटराव दोन पावलांवर उकिडवे बसले होते.

‘काय करायचं, बाई?’

‘आता तिला मोकळं करू या.’

पोपटरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान हलवली. बाईंनी इंजेक्शन दिलं. सगुणाच्या कानात काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

सगळं संपल्यावर मी बाईंकडे पाहिलं. आता भूल नव्हती, उठायचं नव्हतं, काही धोका नव्हता. तो शेवटचा सांधा उघडला असता तर बाई बरोबर होत्या की नाही हे कळलं असतं. माझ्या बॅगेत सामान होतं. बाईंच्याही मनात तेच होतं. त्यांचा हात सगुणाच्या मानेच्या मुळाशी, खांद्याच्या अगदी पुढे होता, आणि बोटं दाबून दाबून आतलं हाड शोधत होती.

‘पोपटराव,’ त्या म्हणाल्या, ‘तुमची हरकत नसेल तर—’

‘कापायची न्हाई, बाई,’ पोपटराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, विनवणी होती. ‘आखी पुरायची.’

बाईंनी हात काढून घेतला. ‘बरं,’ म्हणाल्या.

संतोषने जेसीबी बोलावला. उरलेल्या जागेत, भिंतीच्या कडेला खड्डा झाला. माती पडताना पोपटराव बाईंशेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘पोरगं तरी हाय माझं.’ एवढंच. बाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई मिस्टरांना घेऊन बहिणीकडे नाशिकला गेल्या. घोडी बघणं थांबवलं. फोन होतात कधीकधी. पण मला बाई दिसतात त्या सगुणाला पुरलं त्याच संध्याकाळच्या. मी बाइकवर पुढे निघालो होतो, त्या व्हॅनमधून मागून. महाळुंग्याच्या चौकात शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसेस, नव्या गाड्या लादलेले ट्रेलर, सगळं एकमेकांत अडकलेलं. वाहतूक सुटली, पुढचा ट्रेलर हलला. मागून एकदम हॉर्नचा गलका झाला म्हणून वळून पाहिलं, तर बाईंची व्हॅन जागच्या जागी. मला वाटलं, झोप लागली. बाइक कडेला लावून धावत गेलो, काचेवर टकटक केली.

बाई जाग्याच होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नखांत माती. त्यांनी काच खाली केली.

‘गेला का पुढचा?’ त्यांनी विचारलं.

‘गेला, बाई.’

‘हो का,’ म्हणाल्या. गिअर टाकला, आणि व्हॅन हळूहळू त्या गर्दीत शिरली.